दार वाटेत आहे

मीटरकाकांच्या घराला दार नाही, ही गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. दार का नाही, हे मात्र कुणी विचारायच्या फंदात पडत नसे. विचारलं की काका खुर्ची पुढे सरकवत आणि विचारणाऱ्याचा दिवस बुडे. आपण ती गोष्ट थोडक्यात आटपू. निदान तसा प्रयत्न करू.

काका पाणीखात्यात होते. घरोघर जायचं, मीटर वाचायचं, आकडा टिपायचा, पुढच्या घरी जायचं. उभा जन्म लोकांच्या दारात गेला. दारात म्हणजे दारातच, आत नव्हे. टकटक केली की आतून आवाज यायचा, "कोण आहे?" काका म्हणायचे, "मीटर!" नाव सांगून उपयोग नव्हता, त्या नावाच्या माणसाची आत कुणी वाट बघत नव्हतं. मग दार चार बोटं उघडायचं आणि एक डोळा काकांना खालपासून वरपर्यंत तपासायचा. कधीकधी तर दार उघडायचंच नाही. आतून चांगल्या खणखणीत आवाजात उत्तर यायचं, "घरात कोणी नाही!" काका यालाही "बरं" म्हणायचे आणि पुढे व्हायचे. वाद घालणार कुणाशी? घरात कोणीच नव्हतं.

निवृत्त झाल्यावर कुणी बाग लावतो, कुणी सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतो. काकांची हौस एवढीच होती की आपल्याला एक भरभक्कम दार असावं, त्यावर कुणीतरी टकटक करावी, आणि आपण आत खुर्चीत बसून, अजिबात न उठता विचारावं, "कोण आहे?"

घराच्या जुन्या दारात ही सोय नव्हती. समुद्रावरच्या दमट हवेनं ते फुगलं होतं आणि खांदा लावल्याशिवाय उघडत नसे. काकूंचा खांदा त्यात तयार झाला होता. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी त्या एका धक्क्यात आत येत. बाकीची माणसं टकटक वगैरे न करता बाहेरून सरळ ओरडत, "काका, तुम्ही ओढा, मी ढकलतो!" यात कसली आलीय इभ्रत?

त्यातच समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी परदेशी दार बसवलं. ते बंद होताना धाडकन वाजत नसे, करकरत नसे. नुसतं "भफ्" म्हणत असे. जेवण चांगलं झालेल्या माणसानं तृप्त होऊन सोडलेला सुस्कारा असावा, तसा. काकांनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते दाढी करत होते. अर्धा गाल तसाच ठेवून ते खिडकीशी गेले आणि डॉक्टरांकडे पेशंट येऊन जाईपर्यंत, म्हणजे आणखी दोन भफ् होईपर्यंत, तिथेच उभे राहिले. काकूंनी मागून पाहिलं आणि ओळखलं, की आता या घरावर काहीतरी येणार.

फर्निचरच्या दुकानदाराकडे जाऊन काकांनी तसंच दार मागवलं. त्याला बाहेरचा माणूस बघायला काचेचा बारीक डोळा होता. कुलूप असं, की बाहेरून किल्ली आणि आतून नुसती मूठ फिरवायची. दुकानदार म्हणाला, "माल बोटीत चढलाय काका. आलाच म्हणून समजा."

काका समजले, आणि तिथेच चुकले. सुतार म्हणाला, "मला दूरच्या कामावर जायचंय. चौकट आत्ताच नव्या मापाची बसवून ठेवतो. दार आलं की कुणीही अडकवेल, त्यात काय!" काकांनी त्याला चौकट बसवू दिली. जुनं दार घरात अडचण नको म्हणून कोपऱ्यावरच्या शिंप्याला देऊन टाकलं. शिंप्यानं त्याच दुपारी त्याला चार पाय ठोकले, जास्तीची लांबी कापली आणि त्यावर कुणाच्यातरी विजारी बेतायला घेतल्या.

काकूंनी विचारलं, "आणि आज काय लावायचं?"

"एक-दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," असं म्हणून काकांनी चौकटीवर चादर टांगली.

त्याच आठवड्यात बातमी आली, की भर समुद्रात वादळात बोट कलंडली. बोट वाचली, माणसं वाचली, पण वरच्या थरातले मोठमोठे लोखंडी खोके समुद्रात पडले आणि त्यांतला एक फुटला. त्यात दारं होती. आतून पोकळ, वरून प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेली ती दारं बुडायला तयार नव्हती. सगळी ओळीनं पाण्यावर आडवी झाली आणि निघाली जगाच्या फेरीला.

काका दुकानदाराकडे धावले. दुकानदार शांतपणे म्हणाला, "माल वाटेत आहे."

"अहो, समुद्रात आहे!"

"तेच म्हणतोय मी. वाटेतच समुद्र लागतो."

"मग दुसरं मागवा."

"पहिलं पोचल्याशिवाय दुसरं कसं मागवणार? उद्या दोन्ही आली तर? चौकट तर एकच आहे ना तुमची?"

काकांना हे पटलं नाही, पण तिथल्या तिथे त्यातली खोटही सापडेना. ते विम्याच्या कचेरीत गेले. तिथला साहेब फार सभ्य होता. त्यानं काकांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "माल बुडाला का?"

"नाही, तरंगतोय."

"अरेरे," साहेब मनापासून हळहळला. "बुडाला असता तर काहीतरी करता आलं असतं. तरंगणारा माल हरवलेला धरत नाहीत हो. त्याचा फक्त पत्ता बदलत असतो."

इथवरही ठीक होतं. पण चादर म्हणजे काही दार नव्हे. वारा सुटला की ती थेट जेवणाच्या ताटावर येई. टकटक करायला लाकूडच नसल्यामुळे माणसं टकटक न करताच आत शिरत. गल्लीतल्या पिवळ्या कुत्र्यानं उंबऱ्यावर मुक्काम ठोकला आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे तो घरमालकाच्या नजरेनं बघू लागला. एकदा काकू न्हाऊन केस पुसत स्वयंपाकघरात आल्या, तर ओट्याशी एक अनोळखी झाडूविक्या उभा. तो अदबीनं म्हणाला, "मावशी, दूध उतू जात होतं. मी गॅस बंद केलाय."

त्या दिवशी काकू म्हणाल्या, "आता पुरे. फळ्या ठोका, पत्रा लावा, काही करा, पण आजच्या आज ते भोक बुजवा."

काकांनी मान खाली घातली. "फळ्या ठोकल्या म्हणजे दाराची आशा सोडली असं होईल."

"मग नका सोडू!" काकूंनी बॅग काढली. "मी ताईकडे जाते. दार लागलं की कळवा. ज्या घराला दार नाही, त्या घरी मला 'ये' म्हणू नका. येणार कुठून? चादरीखालून?"

काका फळ्या आणायला धावले असते तर काकू कोपऱ्यावरूनही परतल्या असत्या. पण आयुष्यभर लोकांनी ज्याला दारातून परत पाठवलं, त्या माणसाला घरच्या घरी माघार घेणं जड गेलं. ते चादर हातानं वर धरून उभे राहिले, काकूंना जाताना वाकावं लागू नये म्हणून. काकूंनी तेवढं पाहिलं.

त्यानंतर काकूंचा फोन रोज येई. "जेवलात?" "जेवलो." "आलं?" "वाटेत आहे." एवढंच बोलणं. कधी मध्येच साडू फोन घेत. साडूंचा स्वभाव मुळात वाईट नव्हता, पण संधी सोडण्याइतका चांगलाही नव्हता. ते म्हणत, "थांबा हं, कुणीतरी आमचं दार वाजवतंय. आमच्याकडे दार आहे ना!"

गल्लीतल्या लोकांनी सल्ल्याला कमी केलं नाही. शिंपी म्हणाला, चादरीला खाली शिसं शिवून देतो, उडणार नाही. डॉक्टर म्हणाले, मला न विचारता तुम्ही कशाला मागवलंत, भफ् फक्त पहिले काही दिवस येतो, पुढे नुसता फस् येतो. पण खरा आधार दिला शेजारच्या भूगोलाच्या मास्तरांनी. मास्तर शाळेतून बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती आणि समजावून सांगायला माणूस मिळत नव्हता. त्यांनी काकांच्याच स्वयंपाकघरातली परात ओढली, पाण्यानं काठोकाठ भरली, त्यात एक काडेपेटी सोडली आणि डाव गोल गोल फिरवायला सुरुवात केली.

"हा महासागर. ही तुमची काडेपेटी, म्हणजे दार. पाणी एका जागी राहत नाही, काका. समुद्राच्या पोटात नद्या असतात, नद्या! कुठे गरम, कुठे गार. इथून ही निघाली, ही वर गेली, थंडी वाजली, वळली..."

मास्तर रंगात आले, डाव जोरात फिरला, अर्धा महासागर काकांच्या अंथरुणावर गेला. काडेपेटी मात्र गरगर फिरून परातीच्या एका कडेला येऊन थांबली. मास्तरांनी तिथे बोट ठेवलं.

"हे आपण," ते दबक्या आवाजात म्हणाले. "वारा फिरू द्या. दार इथे येणार."

काकांनी त्या काडेपेटीकडे असं पाहिलं, की मास्तरांनाही जरा भीती वाटली.

तेव्हापासून काका रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊ लागले. दुर्बीण डॉक्टरांची, छत्री मास्तरांची, कुत्रा गल्लीचा. मधूनच पेपरात बातम्या येत. एका बेटावरच्या लोकांना दारं सापडली, त्यांनी ती ओढ्यावर टाकून पूल केला. कुठे कुणी त्यावर मासळी वाळवली. कुठे शाळेतली मुलं त्यावर बसून जेवू लागली. काका प्रत्येक बातमी मास्तरांकडून नकाशावर दाखवून घेत. ज्या देशांची नावंही काकांनी ऐकली नव्हती, तिथले लोक त्यांचं दार ओलांडून ओढा पार करत होते. काकूंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघा! आपण लग्नानंतर बसनं फक्त माझ्या माहेरी गेलो. दार तुमच्यापेक्षा नशीबवान निघालं."

काका हसले. मग फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की काकू हसल्या नव्हत्या.

घरात आता गर्दी असे. डॉक्टरांचं दार बंद झालं की त्यांना बाहेर अडकायची सवय, मग किल्ली येईपर्यंत ते काकांकडे बसत. मास्तर तर जेवायलाही उठेनात. ज्या माणसाला लोकांनी कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्याच्या घरात आता सगळी गल्ली चपलांसकट बसलेली असे. आणि तरीही काका संध्याकाळी चहाचे दोन कप काढत, एक परत ठेवत. मास्तरांनी एकदा तो दुसरा कप घ्यायला हात पुढे केला, तर काका म्हणाले, "तो नको. तुमच्यासाठी पेला धुतो."

मग वारा फिरला, आणि एका सकाळी दारं आली.

भरती उतरली तेव्हा वाळूवर ती आडवी पडली होती, शेवाळ आणि शिंपल्यांनी भरलेली, लांबचा प्रवास करून आलेल्या माणसांसारखी दमलेली. काका पाण्यात धावले. पाठोपाठ सगळं गाव धावलं. कोळ्यांनी दोन दारं जाळी वाळवायला नेली, शिंप्यानं दुसरं टेबल म्हणून एक उचललं. काकांनी एकाला मिठीच मारली होती, तेवढ्यात जकात कचेरीची गाडी आली. समुद्रानं आणून टाकलेला माल ओळख पटेपर्यंत सरकारचा, असा नियम निघाला. कोळ्यांची, शिंप्याचं आणि काकांच्या मिठीतलं, सगळी दारं गाडीत गेली.

दुसऱ्या दिवशी काका कचेरीच्या आवारात हजर. दारं भिंतीला टेकवून ठेवली होती. तिथला साहेब सर्दीनं बेजार होता.

"तुमचं कोणतं?"

"यातलंच एक."

"ते मलाही ठाऊक आहे. ओळखा."

"अहो, सगळी सारखी आहेत!"

"म्हणूनच विचारतोय. वेगवेगळी असती तर मीच सांगितलं असतं. खूण सांगा."

काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "ते भफ् म्हणतं."

साहेबानं रुमाल नाकावरून खाली घेतला. "काय म्हणतं?"

पण नियमात भफ् ला बंदी नव्हती. दोन शिपाई बोलावले. एकेक दार उभं धरायचं आणि काकांनी ऐकायचं. चौकटीशिवाय दार काय बोलणार? शिपायांनी ते पुढेमागे हलवून पाहिलं. एकातून खेकडा बाहेर पडला, एकातून नुसतं पाणी. साहेब दोनदा शिंकला. काका घामाघूम झाले. घरी फोन वाजत असेल, ती विचारत असेल, आलं का. काय सांगायचं? समोर उभं आहे, पण ओळख नाही?

काय करावं सुचेना, तेव्हा काकांच्या हातानं, जन्मभर जे केलं तेच केलं. बोटाचं पेर वाकवून त्यांनी पहिल्या दारावर टकटक केली. जरा थांबले. पुढे गेले. दुसऱ्यावर टकटक, थांबले, पुढे. आवारातले लोक हसू लागले. काकांना ऐकू येत नव्हतं. भिंतीच्या टोकाशी एक जाडा शिपाई शेवटचं दार पाठीमागून पेलून उभा होता, त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. काकांनी त्यावर टकटक केली.

दारामागून शिपाई सवयीनं म्हणाला, "कोण आहे?"

आणि काका सवयीनं म्हणाले, "मीटर!"

मग साहेब हसला. सर्दीतच हसला, म्हणजे बघणाऱ्यांना काळजी वाटावी असा. डोळे पुसत तो कारकुनाला म्हणाला, "लिहा हो, ओळख पटली. मालकानं मालाला नाही, मालानं मालकाला ओळखलं."

दार घरी आलं तेव्हा सुतारही परतला होता. त्यानं शिंपले खरवडले, दार चौकटीला लावून पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"काका, चौकटीच्या बिजागऱ्या एकीकडे, दाराच्या खाचा दुसरीकडे. समुद्रात फिरून दिशा बदलली की काय याची?"

"तूच बसवलीस ना चौकट?"

"ते जाऊ द्या. आता दोनच वाटा. वरचं खाली करून उलटं लावू, की आतलं बाहेर करून पालथं?"

"फरक काय?"

"उलटं लावलं तर तो काचेचा डोळा गुडघ्याशी येईल. बाहेर कुत्रं आलंय का ते दिसेल, माणूस नाही."

"मग पालथं."

"पालथं केलं तर आतून बाहेरचं दिसणार नाही, बाहेरच्याला आतलं दिसेल. आणि आतली मूठ बाहेर जाईल. आत नुसतं किल्लीचं भोक."

"किल्ली?"

"ती समुद्रात. उद्या कुलूप बदलून देतो. तोवर पूर्ण लोटू नका म्हणजे झालं."

दार पालथं बसवून सुतार गेला. काका खुर्चीत बसले. दार अर्धवट उघडं होतं. पिवळा कुत्रा बाहेर बसून त्यांच्याकडे बघत होता. काका म्हणाले, "फक्त एकदा," आणि त्यांनी दार लोटलं.

भफ्.

थोडा घोगरा होता, घशात खारं पाणी गेलेल्या माणसासारखा, पण भफ् होता. काकांनी डोळे मिटले. मग फोन उचलला.

"दार लागलं," ते म्हणाले.

मग काकूंनी विचारलं, "खरंच?"

"खरंच."

"येते. दुपारच्या बसनं येते."

फोन ठेवून काका आनंदानं पाणी शिंपडायला बाहेर निघाले, आणि तेव्हा त्यांना समजलं की आपण आत अडकलो आहोत. खिडक्यांना गज. दुसरं दार नाही. ज्या दारासाठी इतके महिने जीव टाकला, ते आता काही केल्या उघडत नव्हतं.

बाहेर मास्तरांचा आवाज आला. "काका, फारच छान दिसतं हो! आणि बाहेरून तुम्ही अख्खे दिसता. सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय."

पाठोपाठ डॉक्टर डोळा लावून गेले. शिंप्यानं आत डोकावून मापाचा अंदाज घेतला. मग मास्तरांनी विचारलं, "मूठ इकडेच आहे. उघडू का?"

"नको! खबरदार!" काका आतून ओरडले. "बंद राहू द्या. ती येतेय."

मग काका तयारीला लागले. बटण असलेला सदरा शोधला, केस विंचरले, चहाचं आधण ठेवलं, दोन कप धुतले. खुर्ची दारासमोर ओढली. बसल्याबसल्या "कोण आहे?" म्हणून बघितलं. एकदा फार सरकारी वाटलं. एकदा घसा बसल्यासारखं झालं. उठून काचेच्या डोळ्याला डोळा लावला. उजेडाचा एक ठिपका, बाकी काही नाही. परत बसले, परत उठले, पुन्हा केस विंचरले. दुसऱ्या कपाचा कान दाराकडे होता, तो खुर्चीकडे केला, मग पुन्हा दाराकडे केला.

पायरीवर चप्पल वाजली. काका तडक खुर्चीत ताठ बसले. काहीच झालं नाही. कुत्र्यानं शेपटी आपटल्याचा आवाज आला. पुन्हा शांतता, बरीच लांब. बाहेरचं माणूस काय करतंय, कळेना.

मग टकटक झाली.

काकांनी न उठता विचारलं, "कोण आहे?" इतकं पाठ केलं होतं, तरी आवाज चिरकलाच.

"मीटर बघायला आलेय," काकू म्हणाल्या.

काकांना हसू आलं. एवढ्या वर्षांत ऐकलेलं उत्तर ओठांवर तयार होतं, तेच त्यांनी दिलं.

"घरात... कोणी नाही."

"दिसतंय मला," काकू दाराच्या डोळ्यापाशी म्हणाल्या. "मघापासून बघतेय. ते दोन कप ठेवलेत, तेही दिसले."

आणि त्यांनी बाहेरून मूठ फिरवली.